नळ नसलेल्या गावातला शनिवार

पहाटे ५.१५

ब्रॉली गावातून हायवे १११ ला लागले तेव्हा रस्त्यावर शेतमजुरांच्या बसगाड्यांची रांग होती. कित्येक बसच्या मागे चाकांवरची शौचालयं जोडलेली. कॅलिफोर्नियाच्या दक्षिण टोकाची ही इम्पीरियल व्हॅली. फेब्रुवारीत इथं लेट्यूसची काढणी जोरात असते. वर्षाकाठी जेमतेम तीन इंच पाऊस पडणाऱ्या या वाळवंटात मैलोनमैल हिरवं दिसतं ते कोलोरॅडो नदीच्या जिवावर. सॅन डिएगोत माझ्या घरच्या नळाला येणारं पाणीही बरंचसं याच नदीचं आहे. २००३ च्या करारानं या खोऱ्याच्या पाण्याचा एक वाटा आमच्या शहराकडे वळवला.

याच खोऱ्यात, वेस्टमोरलँडला, दलीपसिंग सौंद शेती करायचे. १९५६ मध्ये अमेरिकी काँग्रेसवर निवडून आलेले ते पहिले आशियाई. पण त्याआधीची कित्येक वर्षं कॅलिफोर्नियाच्या १९१३ च्या कायद्यानं त्यांच्यासारख्या शेतकऱ्यांना स्वतःच्या नावावर जमीन घ्यायलाच मनाई होती. पंजाबी शेतकरी दुसऱ्यांच्या नावानं जमिनी कसत. कसणारा एक आणि कागदावर दुसराच, हे या मातीला नवं नाही.

वाटेत कॅलिपॅट्रिया लागलं. हे गाव समुद्रसपाटीच्या सुमारे १८० फूट खाली आहे. झेंडा समुद्रसपाटीच्या उंचीवर फडकावा म्हणून गावानं १८४ फुटी स्तंभ उभारलाय. अंधारात तो दिसला नाही. पुढे डाव्या हाताला सॉल्टन सी. १९०५ साली कोलोरॅडोचा कालवा फुटला, दोन वर्षं नदी या खोलगटात रिकामी होत राहिली आणि हे सरोवर तयार झालं. आता शेतातून वाहून येणारं पाणी घटलंय, सरोवर आटतंय आणि उघड्या पडलेल्या तळाची धूळ आजूबाजूच्या मुलांच्या छातीत जाते. आमच्या शहरातल्या नळाची किंमत कोण मोजतंय, हे या रस्त्यावरून जाताना कळतं.

सकाळी ६.२०

नायलँडला उजवीकडे वळले. पाच-सहा किलोमीटर खडबडीत डांबरी रस्ता, दोन्ही बाजूंना क्रिओसोटची झुडपं, आणि मग समोर एकदम रंगीत डोंगर. साल्व्हेशन माउंटन. सूर्य उगवत होता आणि लाल, निळ्या, पिवळ्या पट्ट्यांवर ऊन वरून खाली उतरत होतं.

हा डोंगर एका माणसाचं काम. लिओनार्ड नाइट. 'देव म्हणजे प्रेम' असं लिहिलेला गरम हवेचा भला मोठा फुगा आकाशात सोडायचं त्याचं स्वप्न होतं. फुगा काही उडेना. १९८४ मध्ये तो इथं आला आणि तेच तीन शब्द उतारावर लिहायला बसला. सिमेंट आणि वाळूचा पहिला डोंगर १९८९ च्या सुमारास ढासळला. त्यानं देवाचे आभार मानले आणि पुन्हा आरंभ केला, या वेळी मातीच्या गाऱ्यात गवत कालवून. लोकांनी दिलेले रंग थरावर थर चढत गेले. १९९४ मध्ये काउंटीनं रंगात शिसं असल्याचं सांगून डोंगर हटवायचं ठरवलं, तेव्हा लोक त्याच्या बाजूनं उभे राहिले. २००२ मध्ये सिनेटर बार्बरा बॉक्सर यांनी काँग्रेसच्या इतिवृत्तात त्याची राष्ट्रीय ठेवा म्हणून नोंद केली. २०१४ मध्ये नाइट गेला. बांधकाम चालू असताना तो वर्षानुवर्षं डोंगराच्या पायथ्याशी ट्रकमध्ये राहिला, विजेशिवाय आणि नळाशिवाय.

गाऱ्याला हात लावून पाहिला. बोटांना गवताच्या काड्या लागतात. आमच्या आजोळच्या मातीच्या भिंती अशाच होत्या.

सकाळी ७.००

डोंगराच्या पलीकडे स्लॅब सिटी. पहाऱ्याच्या जुन्या काँक्रीटच्या चौकीवर स्वागत रंगवलेलं आहे आणि खाली दावा, की ही शेवटची मोकळी जागा.

माझी यजमानीण इथं बारा महिने राहते. साठी ओलांडलेली, पूर्वी लांब पल्ल्याचा ट्रक चालवायची. नाव छापू नकोस, एवढी तिची अट. निरोप होता : "दिवस कसा सुरू होतो ते बघायचं असेल तर उजाडताच ये, आणि टायरच्या बाहेर उभी राहून हाक मार." अर्धवट पुरलेल्या टायरांची रांग म्हणजे तिचं कुंपण. कुणी लाकडी पॅलेट लावतं, कुणी रंगवलेले दगड. जमिनीचे कागद नसलेल्या या वस्तीत हद्द अशी ठरते आणि ती ओलांडायची नाही, हे लहान पोरालाही ठाऊक असतं. फोटोसुद्धा विचारल्याशिवाय काढायचा नाही.

तिनं आत बोलावलं. ट्रेलर, त्याला जोडलेली सावलीच्या जाळीची पडवी, चार सौर पट्ट्या आणि लाकडी पेटीत बॅटऱ्या. पहिलं काम पट्ट्या पुसण्याचं. आधी मऊ झाडूनं धूळ झटकली, मग अर्धा कप पाण्यात फडकं भिजवून, पिळून, एकेक पट्टी वरून खाली. दहिवर पडलेलं असतं तेव्हाच पुसायचं, म्हणजे तेवढंच पाणी वाचतं. उरलेल्या गढूळ पाण्याचा थेंबही सांडला नाही. ते मेस्किटच्या रोपाच्या बुंध्याशी गेलं.

मग पट्ट्यांचा कोन तपासला. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला, म्हणून पट्ट्या जास्त उभ्या. १०० वॅटची पट्टी या दिवसांत पाचेक तास नीट ऊन खाते. चार पट्ट्यांची दिवसाची कमाई दोन युनिटसुद्धा नाही. शिशाच्या बॅटऱ्या निम्म्याखाली उतरू दिल्या तर लवकर मरतात, म्हणून त्या कमाईतलाही काही भाग राखून ठेवायचा. काळ्या चहाची किटली गॅसवर चढवता चढवता तिनं बॅटरीचा आकडा वहीत लिहिला. रोज लिहिते. "माझं वीज मंडळ मीच," म्हणाली, आणि त्यात अभिमान होता.

सकाळी ८.३०

पाणी आणायची वेळ. तिच्या जुन्या पिकअपमध्ये आम्ही पाच गॅलनचे आठ कॅन चढवले. नायलँडला एका ओळखीच्या घरी बागेच्या नळीनं ते भरायचे आणि पैसे द्यायचे. एक भरलेला कॅन सुमारे १९ किलोंचा. दुसऱ्या कॅनलाच माझ्या बोटांना रग लागली. तिनं सगळे आठ उचलले, पाठ सरळ ठेवून, गुडघ्यात वाकून, प्रत्येकाखाली चिंधी घालून. टेम्पोभर हजार लिटरच्या चौकोनी टाक्या भरून आणणारेही वस्तीत आहेत. ज्यांना परवडतं ते त्यांच्याकडून विकत घेतात.

तिचा रोजचा खर्च तीन गॅलन, म्हणजे अकरा लिटरच्या आसपास. त्यात पिणं, रांधणं, भांडी, अंग पुसणं, सगळं आलं. आपल्याकडे जल जीवन मिशननं खेड्यातल्या माणसासाठी दिवसाला ५५ लिटरचं माप धरलंय. कॅलिफोर्नियाच्या कायद्यानं २०२५ पासून घरातल्या वापरासाठी माणशी ४७ गॅलन म्हणजे १७८ लिटर हे माप ठरवलं आणि ते काटकसरीचं माप मानलं जातं. या राज्याच्या एका माणसाच्या एका दिवसाच्या मापात तिचे जवळपास सोळा दिवस भागतात.

परतल्यावर नाश्त्याची भांडी. आधी जुन्या वर्तमानपत्रानं ताटली कोरडी पुसून काढली. मग फवाऱ्याच्या बाटलीतलं व्हिनेगर मिसळलेलं पाणी, चार-पाच फवारे. फडकं. उन्हात उपडी. दोन ताटल्या, दोन कप, एक तवा. पाव लिटरात झालं.

सकाळी १०.००

वस्ती पायी बघितली. रस्ते सरळ आणि आखीव आहेत कारण ते सैन्यानं आखले. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, मरीन सैनिकांच्या तोफखाना प्रशिक्षणासाठी इथं कॅम्प डनलॅप उभा राहिला. युद्ध संपल्यावर तो बंद झाला, इमारती उचलून नेल्या आणि मागे राहिली काँक्रीटची जोती. त्या जोत्यांवरच ही वस्ती बसली आणि त्यांचंच नाव तिला पडलं. १९६१ मध्ये जमीन राज्याकडे आली. एक चौरस मैल, ६४० एकर. प्रत्येक टाउनशिपमधला ठरावीक तुकडा शाळांसाठी राखायचा, या एकोणिसाव्या शतकातल्या तरतुदीतली ही जमीन. अशा जमिनींचं आजचं उत्पन्न राज्यातल्या शिक्षकांच्या निवृत्तिवेतनाला जातं. म्हणजे कागदोपत्री इथला प्रत्येक बिऱ्हाडकरू शिक्षकांच्या ठेवीवर राहतो. या जमिनीतून शिक्षकांना फारसं काही मिळत नाही आणि सरकारनंही वस्ती उठवलेली नाही.

सैन्याच्या कोरड्या जलतरण तलावात मुलं स्केटबोर्ड खेळत होती. गोल टाक्यांवर चित्रं रंगवली होती. पुढे वाचनालय : पत्रा, लाकूड, जाळी आणि खच्चून पुस्तकं. सभासदत्व नाही, दंड नाही, कुलूप नाही. पुस्तक न्यायचं, जमेल तेव्हा आणायचं. एक म्हातारा इसम बॅटरी-जोडणीचं पुस्तक घेऊन पायरीवर बसला होता आणि शेजारच्या तरुणाला आकृती समजावत होता. पुस्तक अशा गरजेनं वाचलेलं मी फार वर्षांत पाहिलं नव्हतं.

सकाळी ११.३०

वस्तीच्या कडेला ईस्ट जीझस. चार्ली रसेलनं २००७ मध्ये सुरू केलेलं कलाग्राम. २०११ मध्ये तो गेला, पण मित्रांनी काम चालू ठेवलं. भिंती बाटल्यांच्या, एका भिंतीत जुने टीव्ही, आणि टायरांपासून बनवलेला हत्तीसारखा प्रचंड प्राणी. साहित्य सगळं टाकाऊ. शहरं जे फेकतात त्याला इथं जागा मिळते. वस्तीतल्या बऱ्याच माणसांच्या बाबतीतही हेच घडलंय.

दुपारी १२.३०

घेवड्याच्या दाण्यांची उसळ आणि टॉर्टिया. उष्मा आत्ता बेताचा, पंचविशीच्या आसपास. पण यजमानीण जुलैबद्दल बोलत होती. तेव्हा पारा ४८-४९ अंशांवर जातो. हिवाळ्यात उत्तरेकडून मोटरघरं घेऊन येणारे पाहुणे हजारांच्या घरात असतात. उन्हाळ्यात राहतात ती दीडदोनशे माणसं. दिवसा काम बंद. ओला टॉवेल मानेवर टाकून सावलीत पडून राहायचं. पहाटे तीन ते सात एवढाच कामाचा वेळ. एकट्यानं राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या दारात शेजारी दिवसातून दोनदा डोकावतात. हाक मारून उत्तर आलं नाही, तर टायरची हद्द ओलांडायची परवानगी फक्त तेव्हाच.

मी विचारलं, मग राहतेस का? तिनं सरळ हिशेब सांगितला. पेन्शन किती, शहरात एका खोलीचं भाडं किती, औषधं किती. भाडं दिलं की महिना विसाव्या तारखेला संपायचा. इथं आल्यावर पहिल्यांदा महिनाअखेरीला तिच्या हातात पैसे उरले. मुंबईत माणूस झोपडी बांधतो ती कामाच्या जवळ राहायला. इथला माणूस आलाय तो कामाच्या वयातून बाहेर फेकला गेल्यावर किंवा त्या चक्राला कंटाळून. दोघांनाही ढकललंय मात्र भाड्यानंच.

दुपारी २.००

आता कचरा आणि शौचालय. घंटागाडी नाही, गटार नाही. तिचं शौचालय म्हणजे झाकणाची बादली आणि शेजारी लाकडाच्या भुशाचं पोतं. प्रत्येक वापरानंतर वर दोन वाट्या भुसा. मूत्र वेगळ्या कॅनमध्ये, कारण दोन्ही एकत्र झालं की दुर्गंधी येते. बादली भरली की दूरच्या झाकलेल्या खड्ड्यात, तिथं वर्षभर कुजवायची. मी वाकून पाहिलं. माशी नव्हती, वास नव्हता. हे काम ती दर आठवड्याला स्वतः करते आणि त्याबद्दल बोलताना आवाज खाली आणत नाही.

पण वस्तीतले सगळे असे नीटनेटके नाहीत. शेजारचे दोन प्लॉट सोडून कचऱ्याचा ढीग होता : गाद्या, डबे, सुया. काही जण कचरा जाळतात. वाऱ्याच्या दिवशी एका ठिणगीनं ट्रेलर जातो. आगीचा बंब नायलँडहून येईतो राख उरते. व्यसनं आहेत, चोऱ्या आहेत. सौर पट्टी आणि बॅटरी हे इथलं सोनं, म्हणून तेच आधी जातं. शेरीफच्या गाड्या फेऱ्या घालतात, पण रात्रीची भिस्त कुत्र्यावर आणि शेजाऱ्यावर. हे लिहिलं नाही तर मी वस्तीचं चित्र खोटं काढीन.

दुपारी ३.४५

वस्तीच्या मागच्या अंगानं कोअचेला कालवा वाहतो. मी तिथं उभी राहिले ते बराच वेळ. काँक्रीटचं अस्तर, दोन्ही बाजूंना तीव्र उतार आणि मधून संथ, निळसर, भरपूर पाणी. तेच कोलोरॅडोचं पाणी. वायव्येला कोअचेला खोऱ्यात जाऊन ते खजुराच्या बागा भिजवतं आणि गोल्फची मैदानं हिरवी ठेवतं. वस्तीचा यावर हक्क नाही. आतला उतार निसरडा असतो, पडलेला माणूस सहजी वर येऊ शकत नाही. कडेला इशाऱ्याच्या पाट्या आहेत. उन्हाळ्यात तरीही लोक अंग भिजवायला येतात.

सकाळी कॅनमागे कॅन उचलणारी यजमानीण मला आठवत होती. पाणी नाही म्हणून ही वस्ती तहानलेली नाही. पाणी दारावरून जातंय.

संध्याकाळी ५.१५

सूर्य सॉल्टन सीच्या दिशेला उतरला. पूर्वेकडच्या चॉकलेट पर्वतांत नौदल आणि मरीन दलाचं बॉम्बफेकीच्या सरावाचं मैदान आहे. सरावाच्या दिवशी भांडी थरथरतात, असं यजमानीण म्हणाली. तिनं वहीत संध्याकाळचा आकडा लिहिला. मग रात्रीपुरता एक दिवा आणि फोन एवढंच जोडून बाकी सगळं बंद केलं.

रात्री ७.३०

शनिवार म्हणजे द रेंज. उघड्यावरचा रंगमंच, समोर जुने सोफे आणि बसच्या सीटा, दिवे आणि ध्वनिक्षेपक सौर विजेवर. बिल्डर बिल या नावानं ओळखल्या जाणाऱ्या माणसानं ही मैफल कित्येक वर्षं चालवली. तिकीट नाही. ज्याला गायचंय त्यानं नाव द्यायचं. २००७ चा 'इन्टू द वाइल्ड' हा शॉन पेनचा चित्रपट इथं चित्रित झाला, लिओनार्ड नाइटही त्यात आहे. तेव्हापासून तरुण पर्यटकांची गर्दी वाढली. पण पुढच्या रांगेत वस्तीचीच माणसं होती. वाचनालयाच्या पायरीवरचा म्हातारा गिटार घेऊन वर आला. त्याचा आवाज फाटलेला होता, ताल पक्का. नाचणाऱ्यांत माझी यजमानीण होती, सकाळी १९ किलोंचे आठ कॅन उचललेली.

रात्री ९.३०

परतताना मी तिला विचारलं, कालव्याच्या कडेला एक सार्वजनिक नळ आणि चार शौचालयं दिली तर? ती ठाम नाही म्हणाली. नळ आला की मीटर येईल, मीटरमागे बिल, बिलामागे साहेब, आणि साहेबामागे जागा रिकामी करायची नोटीस. तिची भीती पोकळ नाही. ही जमीन विकण्याचा विचार राज्यानं याआधी केलेला आहे.

तरीही मी तिच्याशी सहमत नाही, आणि तिला तसं सांगितलं. आमच्याकडे मुंबईत पाणी हक्क समितीनं न्यायालयात दाद मागितली. डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं स्पष्ट केलं, की झोपडी बेकायदा असली तरी तिथं राहणाऱ्या माणसाला पाणी नाकारता येणार नाही, आणि पाणी दिल्यानं झोपडी कायदेशीरही ठरत नाही. हे दोन प्रश्न वेगळे ठेवले, यातच त्या निकालाचं मोल आहे. कॅलिफोर्नियानं तर त्याआधीच, २०१२ मध्ये, प्रत्येक माणसाला सुरक्षित, स्वच्छ, परवडणारं आणि आवाक्यातलं पाणी मिळण्याचा हक्क कायद्यात लिहिला. 'प्रत्येक' या शब्दात माझी यजमानीणही येते. जमिनीचा निकाल लागायचा तेव्हा लागो. तोवर तिची पाठ वाकवण्याचं कारण या श्रीमंत राज्याकडे नाही.

या वस्तीत मोकळेपण आहे, ते मी दिवसभर पाहिलं. पण त्याचा सकाळपासूनचा प्रत्येक तास पाणी, वीज, मैला, कचरा आणि सावली यांच्या कामात जातो. शहरात हीच कामं आपल्यासाठी कुणीतरी करतं, म्हणून ती आपल्याला दिसत नाहीत. अंगात जोर आहे तोवर माणूस ती एकट्यानं ओढतो. म्हातारपणी शेजारी लागतो, आणि शेजाऱ्यालाही एका मर्यादेनंतर सरकार लागतं. ही अपेक्षा धरली म्हणून कुणाचं स्वातंत्र्य कमी होत नाही. सॅन डिएगोला पोचल्यावर मी इथल्या काउंटीच्या पर्यवेक्षकांना सार्वजनिक नळासाठी पत्र लिहिणार आहे, आणि तिचं म्हणणंही त्यात तिच्याच शब्दांत देणार आहे. तेवढी परवानगी तिनं दिली.